उघाडी

आमच्या खारात, बांधाच्या पोटाशी, एक उघाडी आहे.
सागाच्या दोन फळ्या, वरून लोखंडी कड्यांना टांगलेल्या.
भरतीला समुद्र बाहेरून रेटतो, ती मिटते.
ओहोटीला आतलं गोडं पाणी रेटतं, ती उघडते.
कुणी नेमलेला नाही तिथे.
पगार नाही, पाळी नाही.

पाळी मी केली. एकोणीस वर्षं, खताच्या कारखान्यात,
पहिली, दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली.
भोंगा वाजला की धावायचं.
पुढे पुढे भोंगा नसतानाही
आत कुणीतरी धावायला लागला.
तळहात गार. जबडा आवळलेला.
जेवलं की कळ, नाही जेवलं तरी कळ.

अलिबागला दुर्बीण घातली, पनवेलला घातली.
रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, काही नाही.
ते काही नाही मांडीवर घेऊन मी यष्टीने परत आलो,
सांडू नये अशा बेताने.

आरोग्य केंद्रात मंगळवारी नाझनीन मुकादम येते.
तिने केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूला
मेंदूपासून बेंबीपर्यंत एक रेघ ओढली,
वाटेत हृदय, फुप्फुस, जठर, सगळी गावं घेत जाणारी.
"ही दहाव्या नंबरची नस."
मी दहावीला दोनदा बसलो होतो, म्हणून हसलो.
ती नाही हसली.
"हिला हुकूम चालत नाही, काका.
आतड्याला सांगून बघा, ऐकतं का.
श्वास तेवढा दोघांच्या सामाईकात आहे, तुमच्या आणि तिच्या.
चार मोजत घ्या, आठ मोजत सोडा.
आणि प्रेशरची गोळी सोडायची नाही, सांगून ठेवते."

मी हुशारी केली. आठाचे चौदा केले.
ओटीवर घेरी येऊन पडलो.
शांत हो, शांत हो, दात आवळून स्वतःला म्हणायचो,
सुपरवायझर जसा आमच्या मानेवर उभा राहायचा.
पोट आणखी घट्ट.

मग बापूस आठवला.
मी नऊ वर्षांचा, उधाणाची भरती,
आत तुंबलेलं पाणी भाताच्या गळ्यापर्यंत,
आणि मी खांदा लावून उघाडी ढकलतोय
अख्ख्या समुद्राच्या अंगावर.
त्याने कान धरून मागे ओढलं.
"पानी उतरू दे. आपलीच उघडंल."
उतरल्यावर तो मांडीभर चिखलात शिरला
आणि कोयत्याच्या पाठीने खरवडत बसला
कड्यांत रुतलेली कालवं,
एकेक, बोटं रक्ताळली तरी.
दाराला त्याने हातसुद्धा लावला नाही.

आता संध्याकाळी बांधावर बसतो.
सोडताना मोजत नाही.
चिखलावरून पाणी जिथवर ओसरतं
तिथवर नजर जाते, तिच्यामागे श्वास.
मध्येच एखादं निघतं:
धाकट्याशी वाटणीवरून झालेलं भांडण,
हजेरीत कापलेला एक दिवस.
अमोनिया सुटला त्या रात्रीचं मोठं आहे,
ते अजून तिथेच. त्याला सध्या छेडत नाही.

कळ गेली असं म्हणणार नाही.
सोमवारी होती. काल नव्हती.
आज दुपारी जिताड्याचं कालवण
आणि रात्याचा लाल भात, दीड वाटी, भीतभीत खाल्ला.

रात्री अंथरुणात पोटातून आवाज आला,
उघाडीखालून पहिलं पाणी सुटताना येतो तसा,
गुडगुड, थांबून पुन्हा गुडगुड.
नीरा जागी झाली.
"भूक लागली काय?"
"नाही गं," म्हटलं, "त्यांची तिसरी पाळी आहे."
आणि कूस वळवून
मी झोपलो.